आखाजीचा बार

लोटन हवालदार : म्हणजे तुझं म्हणणं असं, की दगड मारणाऱ्या बाया नव्हत्याच. लुगडी नेसलेले बाप्ये होते.

मंजुळा : हो साहेब. पदर पार हनुवटीपर्यंत ओढलेले. पितांबर मुकादमाची माणसं. एकाचा पदर आम्ही ओढला, तर खाली मिशा. तो इथंच दवाखान्यात आत पडलाय, बाप्यांच्या खोलीत. झुलाल, मुकादमाचा पुतण्या. जा, बघून या.

लोटन हवालदार : बघितला. तो भांडण सोडवायला गेला होता, असं मुकादम सांगतो.

ताईबाई : लुगडं नेसीसन? तुमना गावमा भांडन सोडाले लुगडं नेसीसन जातस का?

लोटन हवालदार : तू गप. तुला कोणी विचारलं? त्याच्या अंगावर पायजमा आहे. लुगडं कुठाय?

ताईबाई : पोरना डोकाले. त्याच लुगडाना चिंध्या करीसन बांधेल शेतस. जाय, सोडी दख.

लोटन हवालदार : ही कोण?

मंजुळा : पिंपरखेड्याची ताईबाई. माझी विहीण. आत डोकं फुटून पडलीय ती कुंदा, माझी मुलगी आणि हिची सून.

लोटन हवालदार : झालं तर मग. तुम्ही दोघी विहिणी नदीत उभ्या राहून एकमेकींचा उद्धार करत होतात, सगळ्या पंचक्रोशीनं काठावर उभं राहून पाहिलंय. त्यात मुकादम कुठून आला?

मंजुळा : आज आखाजी आहे साहेब. आज बार असतो.

लोटन हवालदार : मी जामनेरकडचा. अक्षय्य तृतीयेला आखाजी आमच्याकडेही म्हणतात, पण ही बाराची थेरं मला ठाऊक नाहीत. सरळ सांग.

मंजुळा : आखाजीला लेकी माहेरी येतात. झोके बांधतात, गाणी म्हणतात. दुपारी नदीच्या कोरड्या पात्रात दोन गावच्या बाया उतरतात. अल्याड आमचं निमखेडं, पल्याड हिचं पिंपरखेडं. मग शिव्या. सासू, नवरा, दीर, पाटील, कोणाला सोडायचं नाही. वर्षभर गिळलेलं सगळं एका दुपारी ओकायचं. खडे फेकायचे, झिंज्या धरायच्या आणि संध्याकाळी घरी जाऊन आमरस-पोळी खायची. बाप्यानं मात्र पात्रात पाय ठेवायचा नाही. आजवर कोणी ठेवला नव्हता.

ताईबाई : मी बारमा कदी हारनू नही.

मंजुळा : तोंडच तेवढं आहे.

ताईबाई : आन तुनं काय ल्हान शे का?

लोटन हवालदार : अगं बायांनो, आत पोरगी मरायला टेकलीय आणि तुम्ही इथंही बार लावलाय!

मंजुळा : तोंड चालू ठेवलंय म्हणून उभी आहे साहेब. बंद केलं तर इथंच आडवी होईन.

लोटन हवालदार : मुकादमाचं सांग.

मंजुळा : शेटची मिरची वाळत पडते ना, त्या पथारीवर आम्ही बाया देठ खुडायला बसतो. दिवसभर उघड्यावर. सावली नाही, प्यायला पाणी नाही. खोकून खोकून छाती फुटते. लघवीला उठलं तर मुकादम मागून काठी टोचतो आणि हसतो. मजुरी त्याच्या मनाला येईल ती. म्हणून आम्ही काम बंद केलं. निमखेड्याची एक बाई पथारीवर गेली नाही. वळवाचा पाऊस आला तर मिरची जागेवर कुजेल, ही शेटला धास्ती. तर मुकादमानं नदी ओलांडून हिच्या गावच्या बाया नेल्या.

ताईबाई : आमले पोट नही का?

मंजुळा : मी काही म्हटलं का आता?

ताईबाई : म्हनत नही, पन डोया बोलतस तुना. बाजारमा तोंड फिराईसन गई व्हती तू. सख्खी याहीन, आन पोरना तब्येतनं बी इचारं नही.

मंजुळा : चुकलं माझं. पुढचं ऐका साहेब. माझी कुंदा लग्नाआधी धुळ्याला मावशीकडे राहून चार घरची धुणीभांडी करायची. तिथल्या बायांनी एकी केली होती. एका बाईला चोरीचा आळ घालून हाकललं, तर त्या गल्लीत दुसऱ्या दिवशी कोणीच भांड्याला हात लावला नाही. हिनं ते डोळ्यानं पाहिलं. आम्हाला काम बंद ठेवायचं तिनंच शिकवलं. आणि तिलाच सासरी गेल्यावर हिच्याबरोबर पथारीवर जावं लागलं. घरात सासू, नदीपलीकडे आई. रडायची पोर.

ताईबाई : रडे नही. भांडे मनासंगे. चूल पेटाडता पेटाडता भांडे. 'तुमी कामवर जातस म्हनीसन मनी माय भुकी बशेल शे' म्हने. मी एक दिन फुकनी फेकी मारी तिले.

लोटन हवालदार : म्हणजे आधीपासून मारहाण होती. बरं झालं बोललीस.

मंजुळा : साहेब, शब्द पकडू नका. शेवटी तिनंच हिचं मन वळवलं. पण आम्ही दोघी बोलणार कुठं? पथारीवर मुकादम, गावात त्याची माणसं. कुंदा माहेरी आली आणि म्हणाली, 'आई, आखाजीच्या बारात बोला. झिंज्या धरल्या की तोंड कानाशीच असतं. कोणाला संशय यायचा नाही.' ठरलं. आम्ही शिव्या देत देत मधोमध आलो, एकमेकींचे केस धरले.

लोटन हवालदार : याला कायद्यात कट म्हणतात.

मंजुळा : म्हणा. मी हिच्या कानात म्हटलं, 'उद्यापासून तुझ्या बायाही घरी बसतील का?' हिनं मान हलवली असेल-नसेल, तोच नाल्याच्या अंगानं पदर ओढलेला घोळका आला. आमच्या बायांना वाटलं, पिंपरखेड्याच्या. पिंपरखेड्याच्या बायांना वाटलं, आमच्या. बारात खडे मारतात साहेब, खडे. चिंचोक्याएवढे. यांनी धोंडे मारायला सुरुवात केली. काठ्या पदराखाली होत्या. एकीचा हात कोपरातून उलटा झाला. एका बाळंतिणीच्या पोटात लाथ घातली. आम्ही किंचाळत होतो आणि काठावरचे बाप्ये टाळ्या वाजवत होते. शिट्ट्या मारत होते. यंदा बार रंगला म्हणत होते. माझा नवरा नथ्थू, तोही. त्याच्या देखत त्याची मुलगी पडली आणि तो फेटा उडवत होता.

ताईबाई : आते रडी ऱ्हायना फाटकपान बशीसन. रडू दे. जल्मभर रडू दे.

लोटन हवालदार : आणि झुलाल? त्याचं काय केलंत तुम्ही?

ताईबाई : जे करनं व्हतं ते करं.

मंजुळा : पदर निघाला, मिशा दिसल्या, तेव्हा दोन्ही गावच्या बायांना कळलं. बाकीचे लुगडी वर खोचून नाल्यातून पळाले. हा पायात लुगडं अडकून पडला. आमचे हात बघा. सगळा हंगाम मिरचीत. कितीही धुवा, स्वतःच्या डोळ्याला बोट लावता येत नाही, लेकराला पाजताना पदरानं धरावं लागतं. ते हात त्याच्या डोळ्यात गेले. किती गेले ते मोजलं नाही. मग कोणी छातीवर बसलं, कोणी दगड घातला. मी थांबवलं नाही.

ताईबाई : मी बी नही.

लोटन हवालदार : तो मेला तर दोघी जन्मठेपेला जाल, कळतंय का? डॉक्टर म्हणतो त्यालाही धुळ्याला न्यायला पाहिजे.

मंजुळा : मग न्या की! दोघांनाही न्या. जीप कशाला ठेवलीय?

लोटन हवालदार : मुकादम नको म्हणतो. धुळ्याला नेलं की दहा माणसं विचारणार, डोळ्यात मिरची कशी, अंगावर बाईच्या चोळीचे वळ कसे. इथंच ठेवा म्हणतो.

ताईबाई : सख्खा पुतन्या! मरू देस पन नाव निंघू देत नही. वाह रे काका!

लोटन हवालदार : त्यांचं ते बघतील. तू तुझ्या मुलीचं बघ, मंजुळाबाई. डोक्याला टाके घालून भागणार नाही, आत रक्त साकळतंय, असं डॉक्टर म्हणाला ना? त्याची गाडी आजच्या सणाला नाही. एसटी संध्याकाळी. जीप माझ्या हातात आहे. मी काही राक्षस नाही, मलाही लेकी आहेत. एक छोटं बयान दे. दगड ताईबाईनं मारला, बारात मारला, बाहेरचा कोणी माणूस तिथं नव्हता. अंगठा उठव, मुलगी धुळ्याला.

मंजुळा : हिनं नाही मारला.

ताईबाई : मारा, याहीन. मीच मारा.

मंजुळा : गप बस.

ताईबाई : कसाले गप बसू? मना पाठवर धोंडा पडना. मांगे दखं ते पदर लियेल बाया, तुना बाजूथीन येल. माले वाटनं तू फसाडं. गोड बोलीसन मधमा बलावं आन तुन्या बायासले सांगं, मारा. मना डोकामा रगत चढनं. मी गोटा उचला. तुना कपायवर मारा व्हता मी. पोर माले 'मामी, नका' करत मधमा उनी.

मंजुळा : माले ठाऊक शे. मी तो गोटा येताना दखा.

ताईबाई : मंग सांग ना मना नाव! मी जास तुरुंगमा. तठे बी देठच खुडनं पडी ना? पोर वाचाड तू.

लोटन हवालदार : बघ, तिला तुझ्यापेक्षा जास्त अक्कल आहे.

मंजुळा : हिला आत टाकलं की पिंपरखेड्याच्या बाया आमचं तोंड बघणार नाहीत. उद्या सकाळी मुकादम त्यांना पथारीवर बसवेल. कुंदानं एवढं केलं ते मातीत जाईल.

ताईबाई : जाऊ दे मातीमा! पोर ऱ्हायनी ते परत करी. ती नहीच ऱ्हायनी ते काय एकीनं लोनचं घालशी?

मंजुळा : ...लिहा साहेब.

लोटन हवालदार : शहाणी आहेस. लिहिलेलंच आहे. हा घे, इथं अंगठा. दाब नीट.

मंजुळा : झालं? काढा जीप.

लोटन हवालदार : काढतो की. फौजदारसाहेब तेवढे येऊ देत.

मंजुळा : कुठून येऊ देत?

लोटन हवालदार : शेटजींकडे जेवायला गेलेत, सणाचं. जीप घेऊन. येतीलच इतक्यात. आता घाई कसली, बयान तर झालं.

मंजुळा : जीप इथं नाहीच?

लोटन हवालदार : आवाज खाली.

मंजुळा : माझी मुलगी आत मरतेय आणि तू नसलेल्या जीपवर माझा अंगठा घेतलास? विहिणीला विकलं मी! आण तो कागद. आण इकडे!

लोटन हवालदार : ए, हात नको लावू! मागे हो. मागे हो म्हणतो ना! घे मग! घे!

ताईबाई : ओ लोटन! याहीनले काठी मारस? तिले माराना हक मना शे, तुना नही. सोड काठी. सोडस का? हाऊ हात दख. मना हात. कालदिनलोंग मिरचीमा व्हता. डोयाले लावू का? त्या झुलालले इचारी ये, कसं लागस ते. हालू नको. पापनी बी हालाडू नको.

लोटन हवालदार : बाई... हे बघ, सरकारी माणसावर हात...

ताईबाई : हात आजून लावा नही. याहीन, काढ कागद त्याना खिसामातून. फाडी टाक.

मंजुळा : फाडला. ताईबाई, फाटकाबाहेर निंबाखाली ट्रक उभा आहे ना?

ताईबाई : शेटना. त्यामाच आनं ना झुलालले. पोता भरेल शेतस, उखर्डू डायवर बशेल शे. मुकादम शेटले बलावाले गया.

मंजुळा : बेबाबाई! ए बेबाबाई! फाटक उघडा! दोन्ही गावच्या बाया आत या. अल्याड-पल्याड आज संपलं! निम्म्या बाया ट्रकपुढे आडव्या व्हा, निम्म्या वर चढा. पुढची पोती खाली फेका. शेट विचारेल तर सांगा, मंजुळानं फेकली. कुंदाची बाज उचला. हळू! डोकं हलवू नका!

लोटन हवालदार : मंजुळाबाई, हा दरोडा आहे! भरला ट्रक पळवता! दरोड्याचं कलम लागेल सगळ्यांना!

मंजुळा : लावा. या वेळी अंगठा न मागता लावा.

ताईबाई : उखर्डूभाऊ, चावी लाव. नही लावस? बरं. लताबाई, त्याना बाजूले बस, आन तुना हात त्याना डोयासमोर धरीसन ठेव. लागनी चावी? शाना शे भाऊ.

मंजुळा : चल, बस लवकर. कुंदा चढली.

ताईबाई : थांब. तो?

मंजुळा : कोण तो?

ताईबाई : झुलाल. त्याले बी टाकनं पडी.

मंजुळा : त्याला? ज्यानं माझ्या बायांना काठीनं फोडलं त्याला मी मांडीवर घेऊन जाऊ? मरू दे इथंच. त्याच्या काकालाही तेच पाहिजे.

ताईबाई : म्हनीसनच. काकाले पाहिजे ते आपन करानं का? तो आठे मरी गया ते दोन्ही गावन्या बाया खुनी. तो जगना ते बोली, लुगडं कोनी नेसाडं. आन याहीन... त्याले मी बी मारेल शे. त्याना डोया मी फोडात. माले आज एक जीव ते वाचाडू दे.

मंजुळा : ...टाका त्याला मागच्या पोत्यांवर. माझ्यापासून लांब.

(ट्रक धुळ्याच्या रस्त्याला लागतो. पोत्यांवर कुंदाचं डोकं दोघींच्या मांडीवर. इथून पुढे फक्त दोघी.)

ताईबाई : उखर्डूभाऊ! खड्डा दखीसन चाल रे! आरे, मिरची नही, मानूस शेतस मांगे! ...काय ठसका शे माय. डोया फुटतस.

मंजुळा : पदर धर तोंडवर. कुंदानाबी तोंडवर धर.

ताईबाई : धरेल शे. दख, ती बी खोकस. खोक वं पोरी, खोक. बरं शे खोकी ऱ्हायनी ते. जीव शे.

मंजुळा : ल्हानपने बी अशीच खोके. मी पथारीवर लई जाऊ तिले, पाटीमा निजाडू. समदी दुपार खोके. मी म्हनू, मोठी व्हयनी का सवय व्हई जाई.

ताईबाई : सवय कोनले व्हई? मी म्हतारी व्हयनू, माले नही व्हयनी.

मंजुळा : मी तुनं नाव सांगी टाकं, याहीन. अंगठा बी दिना.

ताईबाई : मीच सांगं व्हतं ना तुले.

मंजुळा : तरी बी. तू सांगं म्हनीसन मी सांगाले नको व्हतं.

ताईबाई : आन मी गोटा उचलाले नको व्हता. आते काय, दोन्ही बशीसन मोजूत का? ...तो झुलाल पानी मांगस. दख, तोंड उघडस.

मंजुळा : मांगू दे.

ताईबाई : लोटामा हाई तितलं शे. पोरले लागी.

मंजुळा : पोरनं तोंडले लाव पहिले.

ताईबाई : लावं. घेत नही. व्हटवरथीन वघळी जास. ...त्याले देऊ का थोडं? याहीन? देऊ का?

मंजुळा : दे. माले इचारू नको, दे.

ताईबाई : पी रे. पी. डोया उघडू नको, आजून जयतीन. मी ताईबाई शे. हा, तीच. पी गुपचूप. ...ट्रक का हळू व्हयना?

मंजुळा : ढोरं शेतस रस्तावर. उखर्डूभाऊ, हॉर्न वाजाड! वाजाडत ऱ्हाय!

ताईबाई : उद्या बठ्ठ्या बाया घर बसतीन, पिंपरखेडान्या बी. माले एक बी नही म्हनी नही. मी कुंदाले सांगं आते, कानमा. आयकं का नही ते देवले ठाऊक.

मंजुळा : आयकं व्हई.

ताईबाई : ...याहीन.

मंजुळा : बोल.

ताईबाई : पोर खोकस नही.

मंजुळा : तिना पदर सरकना. नीट धर.

ताईबाई : कवयथीन खोकस नही ती. इतला ठसका शे, मी खोकस, तू खोकस. हात दख तिना. याहीन, हात दख.

मंजुळा : दखा मी. ढोरं उनात तव्हयच दखा.

ताईबाई : वं माय! वं मनी माय! थांबाड रे उखर्डू! थांबाडाले सांगू ना? सांगू ना याहीन? आते कसाले जानं धुयाले?

मंजुळा : नको थांबाडू. तो खोकी ऱ्हायना आजून. चालू दे ट्रक.